तारलीच्या पंखावरचे फोड

विमान अजून एकदाही उडालं नव्हतं आणि तरीही ते आजारी पडलं होतं.

एप्रिलमधल्या एका सकाळी माझी नात स्वरांगी शेडमध्ये केर काढायला गेली आणि तिथूनच ओरडली, "आजी! आबा! लवकर या. तारलीला फोड आलेत!"

तारली म्हणजे आमचं विमान. दोन माणसांचं, अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचं. ते विकत आणलेलं नव्हतं. खारवेळ बंदरातल्या एका शेडमध्ये एकेक पत्रा कापून, एकेक रिवेट (दोन पत्रे जोडणारा, ठोकून बसवायचा खिळा) ठोकून बांधलेलं होतं. किनाऱ्यावरच्या गावांना स्वतःची छोटी विमानं बांधायची परवानगी नुकतीच मिळाली होती, त्या काळातली ही गोष्ट. गावाच्या वर, सड्यावर (डोंगरमाथ्याच्या सपाट कातळावर), जांभ्या दगडाची धावपट्टीही तयार झाली होती. ताज्या तारली माशासारखं ते चकाकायचं, म्हणून स्वरांगीनं त्याला तसं नाव दिलं.

मी धावत गेलो. डाव्या पंखाच्या मागच्या कडेला एक लांब फळी असते. ती वर-खाली झाली की विमान कलतं आणि वळतं. ही फळी तीन बिजागऱ्यांवर हलते. प्रत्येक बिजागरीपाशी दोन, अशा सहा जागी रंगाला फोड आले होते. स्वरांगीनं एकाला नखानं टोचलं. रंग फुटला आणि आतून मिठासारखी पांढरी भुकटी सांडली.

"बाप्पा!" शेडच्या मालकीण डॉ. वझलवारबाई म्हणाल्या. "असं कसं होऊन राहिलं? छपराखाली ठेवलेलं विमान, त्यावर थेंब पडला नाही पावसाचा."

 खरं सांगायचं तर मला आतून थोडं बरं वाटलं होतं. का, ते आधी सांगतो.

मी भिकाजी मोंडकर. पंचेचाळीस वर्षं होड्यांची इंजिनं दुरुस्त केली. स्वरांगीचे आईवडील मोठ्या मालवाहू बोटीवर कामाला, वर्षातले आठ महिने समुद्रावर. त्यामुळे ती माझ्याकडेच वाढली. चार वर्षांची असल्यापासून मी हात पुढे केला की ती बरोबर हवा तोच पाना माझ्या हातात ठेवायची. नंबर सांगावा लागत नसे.

मग दोन वर्षांपूर्वी वझलवारबाई आल्या. मूळच्या नागपूरच्या. विमानाच्या पंखांवरून वारा कसा वाहतो, याचा अभ्यास करण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी आमच्यापासून दोन घरं पलीकडे शेड बांधली. आठ दिवसांत स्वरांगी तिथे रोज जायला लागली. माझ्या अंगणातला पान्यांचा आवाज बंद झाला आणि दोन घरं पलीकडे सुरू झाला. झोपाळ्यावर बसून मी तो ऐकायचो. तेरा नंबरचा पाना आहे की चौदाचा, तेही मला आवाजावरून कळायचं.

स्वरांगी बाईंना आजी म्हणू लागली. माझी बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती. 'आजी' हा शब्द आमच्या घरात रिकामा होता. स्वरांगीनं तो उचलून त्यांना देऊन टाकला. मला कुणी विचारलंही नाही.

आणि वर ती टिटवी. टिटवी म्हणजे बाईंचा यंत्रमानव. लांब पाय, बारीक चोच आणि बारीक आवाज. रिवेट धरायचा, बोल्ट मोजून आवळायचा आणि प्रत्येक कामाची नोंद ठेवायची, हे तिचं काम. खाऱ्या हवेनं ती खराब होऊ नये म्हणून स्वरांगी रोज संध्याकाळी एका पिवळ्या मऊ फडक्यानं तिला पुसायची. त्याच फडक्यानं पूर्वी ती माझा चष्मा पुसायची.

मला त्यांनी ब्रश दिला होता. "आबा, तुम्ही रंग द्या." पंचेचाळीस वर्षं इंजिन ऐकणाऱ्या माणसाच्या हातात ब्रश!

म्हणून त्या सकाळी पांढरी भुकटी बघून मी म्हणालो, "यंत्राची चूक असणार. प्रायमर (रंगाच्या आधी द्यायचा, धातूला चिकटून बसणारा थर) द्यायचं काम टिटवीचं होतं ना?"

"डाव्या पंखाला प्रायमरचे दोन थर दिले," टिटवी म्हणाली. "तारीख तीन डिसेंबर. नोंद आहे."

"नोंद काय, कुणीही करेल."

"आबा!" स्वरांगी म्हणाली. "टिटवी खोटं बोलत नाही."

"मग मी बोलतो?"

 बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "भाऊ, भांडू नका. अकरा दिवसांनी विमान निरीक्षक येऊन राहिले. त्यांना कारण दाखवावं लागेल."

कारण दाखवणं महत्त्वाचं होतं. निरीक्षकांनी होकार दिला, तर पहिली दहा उड्डाणं बाई एकट्या करणार होत्या. अकराव्याला मागच्या खुर्चीत स्वरांगी. जूनमध्ये ती नाशिकच्या निवासी शाळेत जाणार होती आणि पावसाळ्यात सड्यावर उडता येत नाही. म्हणजे मे महिन्यात उडली तर उडली. त्या एका खुर्चीसाठी तिनं दोन वर्षं रिवेट ठोकले होते.

"कारण शोधायचं तर आधी तिथे कोण कोण भेटतं ते पाहू," बाई म्हणाल्या. "टिटवी, वाच."

"बिजागरी: अ‍ॅल्युमिनियम. बोल्ट: पोलाद, वर कॅडमियमचा मुलामा (दुसऱ्या धातूचा पातळ थर). वायसर (बोल्टखाली घालायची चकती): पोलाद, वर तोच मुलामा. बाकी कुणी नाही."

"मग खाडीचं पाणी आण, स्वरू. आणि माझी लोणच्याची रिकामी बरणी."

मी दारातच उभा राहिलो. आत जावंसं वाटत होतं आणि नव्हतंही.

बाईंनी बरणीत खारं पाणी भरलं. उरलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याची एक पट्टी त्यात एका बाजूला सोडली आणि दुसऱ्या बाजूला विमानातला एक बोल्ट. दोघांना दोन वायरी लावून त्या काट्याच्या मीटरला जोडल्या. मीटरचा काटा मधोमध होता. वीज एका दिशेनं वाहिली तर तो उजवीकडे जाणार, उलट वाहिली तर डावीकडे.

काटा उजवीकडे जेमतेम थरथरला.

"आता साधा लोखंडी खिळा," बाई म्हणाल्या.

काटा थोडा आणखी सरकला. स्वरांगीचे डोळे मोठे झाले. "यात बॅटरी तर नाहीये. मग वीज कुठून आली?"

"हीच बॅटरी. कुणी मागितली नव्हती, तरी तयार झाली."

स्वरांगी इकडेतिकडे बघू लागली. मग पळत बाईंच्या घरात गेली आणि देव्हाऱ्यातलं पितळी निरांजन घेऊन आली.

"अगं, देवाचं आहे ते!"

"घासून परत ठेवते ना, आजी."

निरांजन पाण्यात गेलं आणि काट्यानं उडीच मारली. लोखंडी खिळ्यापेक्षा कितीतरी पुढे.

"पाहा बरं," बाई म्हणाल्या आणि फळ्यावर दोन गोल काढले. "प्रत्येक धातूत इलेक्ट्रॉन असतात (विजेचे अतिशय बारीक कण). काही धातू ते सहज सोडतात, काही घट्ट धरून ठेवतात. अ‍ॅल्युमिनियम सोडणारा आहे. पितळ ओढून घेणारं आहे, कारण त्यात तांबं असतं. दोघं वायरीनं जोडले किंवा नुसते एकमेकांना टेकले, की इलेक्ट्रॉन अ‍ॅल्युमिनियमकडून पितळेकडे निघतात."

"आणि अ‍ॅल्युमिनियमचं काय होतं?"

"ज्या कणाचे इलेक्ट्रॉन गेले, तो कण पत्र्यात टिकत नाही. तो सुटून पाण्यात उतरतो. तिथे पाण्याशी आणि हवेशी त्याचा संयोग होतो आणि पांढरी भुकटी तयार होते. भुकटीला पत्र्यापेक्षा जास्त जागा लागते. म्हणून ती रंगाला खालून ढकलते आणि फोड येतो."

"म्हणजे ती भुकटी म्हणजे तारलीच आहे?" स्वरांगीनं आपल्या नखाकडे बघितलं. "तारलीचा पत्रा?"

"तारलीचाच. याला गॅल्व्हानिक झीज म्हणतात (दोन वेगळे धातू टेकले आणि त्यांच्यात खारं पाणी आलं की होणारी झीज)."

मग स्वरांगी स्वतःच खेळ करू लागली. तिनं एक वायर काढली, काटा मधोमध आला. वायर लावली, पुन्हा पळाला. पट्टी पाण्याबाहेर उचलली, काटा परत मधोमध. शेवटी तिनं नखाला लावायच्या रंगाची बाटली आणून पट्टीचा पाण्यात बुडणारा सगळा भाग रंगवला, वाळू दिला आणि सोडला. काटा हललाच नाही.

"कळलं!" ती म्हणाली. "तीन गोष्टी लागतात. दोन वेगळे धातू हवेत, ते एकमेकांना टेकलेले हवेत, आणि दोघांना जोडणारं पाणी हवं. यातली एक जरी काढली तरी झीज थांबते. प्रायमर पाण्याला धातूपर्यंत येऊच देत नाही!"

"शाब्बास. आणि तारलीवर पाऊस पडला नाही, तरी खाडीवरचं दव रोज पहाटे येतं. त्यात मीठ असतं. आमच्या नागपूरच्या हवेत याच कामाला वीस वर्षं लागली असती."

मी दारात उभा राहून सगळं ऐकत होतो. बाई किती सोपं करून सांगत होत्या! मला वाटलं, हे सगळं मी पाहिलंय. आयुष्यभर पाहिलंय. पण मला असं सांगता आलं नसतं. आणि स्वरांगी त्यांच्याकडे बघत होती तशी माझ्याकडे बघितली नसती.

"पण एक गणित सुटत नाही," बाई म्हणाल्या. "आपला बोल्ट लावला तेव्हा काटा जेमतेम हलला. कॅडमियम आणि अ‍ॅल्युमिनियम जवळजवळ सारख्या स्वभावाचे आहेत, म्हणून तर तो मुलामा देतात. एवढ्याशा विजेनं चार महिन्यांत फोड येणार नाहीत. तिथे आणखी कुणीतरी आहे. काट्याला उडी मारायला लावणारं."

"नोंदीत आणखी कुणी नाही," टिटवी म्हणाली.

"मग नोंद चुकली, टिटवी."

टिटवीनं हिशेब मांडला. "माझी एक नोंद चुकीची असेल, तर सगळ्या नोंदी संशयास्पद ठरतात. एक हजार चारशे बारा रिवेट. दोनशे सहा बोल्ट. नियमाप्रमाणे सगळे पुन्हा तपासावे लागतील. वेळ, नऊ आठवडे."

नऊ आठवडे म्हणजे जूनचा शेवट. स्वरांगीचा चेहरा पडला. तिनं टिटवीच्या चोचीवर हात ठेवला. "तिनं चूक केलेली नाही, आजी. मी शेजारी होते. प्रत्येक बोल्टला होते."

मी तो हात बघत होतो. माझ्यासाठी ती अशी कधी भांडली होती? निरांजनानं काट्याला उडी मारायला लावली तेव्हाच मला एक शंका आली होती; ती बोललो नाही, तर चूक टिटवीचीच ठरणार आणि ती पेटीत बंद होऊन तिच्या कारखान्यात परत जाणार. बाईंची शेड थंड पडणार. स्वरांगी नाशिकला जाईपर्यंत माझ्या अंगणात बसणार. मला जे जे हवं होतं ते सगळं ताटात वाढून समोर ठेवलं होतं.

तेवढ्यात स्वरांगी माझ्याकडे वळली.

"आबा, तुम्ही सांगा ना आजीला. तुम्हाला माहीत असेल. होडीच्या पंख्याजवळ तुम्ही ती जस्ताची वडी लावता ना? ती का लावता?"

दोन वर्षांत पहिल्यांदा तिनं मला काही विचारलं होतं.

"का म्हणजे? लावायची म्हणून लावायची," मी म्हणालो. "माझ्या उस्तादानं सांगितलं. पंखा पितळी, दांडा लोखंडी. जस्त नाही लावलं तर दांडा खड्डे पडून जातो. लावलं तर जस्त खाल्लं जातं, दांडा राहतो. नारळी पौर्णिमेच्या आधी जुनी वडी काढायची, नवी ठोकायची."

"जुनी आहे का हो एखादी?" बाईंनी विचारलं.

एखादी? माझ्या दारावर त्यांची माळ होती. दर वर्षाची खाल्लेली वडी मी तारेत ओवून टांगायचो. उंदरानं कुरतडलेल्या गुळाच्या ढेपेसारखी प्रत्येक वडी. मी घरी जाऊन एक घेऊन आलो. बाईंनी ती घासली, निरांजन काढून तिच्या जागी पाण्यात सोडली आणि पट्टीचा रंग खरवडून ती पुन्हा जोडली.

काटा उलटा पळाला. डावीकडे!

"आँ?" स्वरांगी ओरडली.

बाई टाळ्या वाजवून हसल्या. "भाऊ! तुम्ही तर उत्तर दारावर टांगून ठेवलं होतं! स्वरू, बघ. जस्त अ‍ॅल्युमिनियमपेक्षाही सहज इलेक्ट्रॉन सोडतं. म्हणून आता देणारं जस्त, घेणारा अ‍ॅल्युमिनियम. जस्त झिजेल, पट्टी वाचेल. अशा धातूला रक्षक धातू म्हणायचं (स्वतः झिजून शेजारच्या धातूला वाचवणारा)."

"आबा, तुम्हाला हे सगळं आधीपासून माहीत होतं?"

ती माझ्याकडे बघत होती, मघाशी बाईंकडे बघत होती तशी. काय सांगू तुम्हाला, छाती अशी भरून आली! हो म्हणावं, असं जिभेवर आलं होतं.

पण त्याच वेळी माझं बोलणं मलाच ऐकू येत होतं. पंखा पितळी. दांडा लोखंडी. पितळ शेजारच्याला खातं. आणि त्या सहा जागा मला पाठ होत्या.

मी पुन्हा घरी गेलो आणि माझा जुना डबा घेऊन आलो. त्यात माझ्या उस्तादानं दिलेले पितळी वायसर असायचे. जाड, पिवळेधमक. स्वरांगी लहानपणी त्यांची माळ करून गळ्यात घालायची. किती आहेत ते तिला पक्कं ठाऊक होतं.

मी डबा तिच्यासमोर उघडला. तिनं मोजले.

"चौतीस. चाळीस होते. बाकीचे सहा?"

"तारलीत."

 मीच सांगितलं. डिसेंबरमध्ये, फळी बसवल्यावर, तुम्ही दोघी जेवायला गेला होतात. टिटवी वायर लावून चार्ज होत होती. मी ब्रश घेऊन एकटा होतो. ते मळकट रंगाचे वायसर बघून मला वाटलं, हा काय माल आहे? आपलं पितळ कधी गंजत नाही. सहा वायसर काढले, माझे घातले. बसायला नीट बसावेत म्हणून खालचा प्रायमर खरवडून धातू लखलखीत केला, इंजिनाला करतो तसा. आणि वरून रंग मारून टाकला, म्हणजे कुणाला दिसू नये.

"कायले केलं हो असं?" बाईंनी हळूच विचारलं.

"विमानात माझं काहीतरी असावं म्हणून."

हे बोलायला मला पंचेचाळीस वर्षांच्या कामापेक्षा जास्त जोर लागला.

स्वरांगी रडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "वायसर घातलेत ते घातलेत. पण सकाळी तुम्ही टिटवीवर ढकललंत."

"सकाळी मला माहीत नव्हतं गो."

"आणि मघाशी? आजी नोंद चुकली म्हणाली तेव्हा?"

मी खाली बघितलं. ती शेडमधून निघून गेली.

"नोंद दुरुस्त करू का?" टिटवीनं विचारलं.

"कर."

"सहा वायसर, पितळ, भिकाजी मोंडकर यांनी बसवले. कारण काय लिहू?"

"लिही, मत्सर."

"हा शब्द कारणांच्या यादीत नाही."

"मग माणसाची चूक लिही बाप्पा," वझलवारबाई म्हणाल्या. "ते यादीत आहे. सगळ्यात वर."

घरी आलो तेव्हा कॅलेंडरमागे खोचलेला एक कागद आठवला. दिवाळीत स्वरांगीनं दिला होता. "आबा, विमानाच्या पुस्तकातलं एक पान आहे, वाचून ठेवा." मला अक्षरओळख झाली एकसष्टाव्या वर्षी, आणि ती करून दिली सहा वर्षांच्या स्वरांगीनंच. अजूनही मी बोट ठेवून वाचतो. पण तो कागद मी उघडलाच नव्हता. त्यांच्याकडचा कागद, त्यांनीच वाचावा, असं म्हणून खोचून ठेवला होता.

आता उघडला. मला वाटलं होतं यंत्रातून छापून आलेला असेल. तो हातानं लिहिलेला होता. मोठी मोठी अक्षरं, दोन शब्दांत भरपूर जागा, प्रत्येक ओळ पट्टीनं आखलेली. माझ्या डोळ्यांना सोसेल असा. तिसऱ्या ओळीत होतं: "तांबे, पितळ, कासे यांचा कोणताही भाग अ‍ॅल्युमिनियमला टेकू देऊ नये." आणि खाली: "आबा, तुमचा डबा मला फार आवडतो, पण तारलीला चालणार नाही. काही अडलं तर मला हाक मारा."

ती टिटवीबरोबर होती, तेव्हाही तिनं माझ्यासाठी बसून ओळी आखल्या होत्या. मी मात्र कॅलेंडरची पानं उलटत राहिलो.

दुसऱ्या दिवसापासून दुरुस्ती सुरू झाली. चार दिवस स्वरांगी माझ्याशी थेट बोलली नाही. सगळे निरोप टिटवीमार्फत.

"टिटवी, आबांना सांग, लोखंडी तारेचा ब्रश वापरू नका. लोखंडाचे कण पत्र्यात रुततात आणि नवी झीज सुरू होते."

"आबा, लोखंडी तारेचा..."

"ऐकलं मी. टिटवी, तिला सांग, नायलॉनचाच घेतलाय."

"स्वरांगी, नायलॉनचाच..."

"मी पण ऐकलं."

टिटवी बिचारी मान इकडून तिकडे वळवत राहिली. शेवटी म्हणाली, "तुम्ही दोघं एकमेकांपासून दीड मीटरवर आहात." बाई हसून हसून खाली बसल्या.

माझे वायसर मीच काढले. सगळी भुकटी घासून टाकली. पाच जागचे खड्डे वरवरचे होते, ते बाईंनी मोजून घासले. सहाव्याचा खड्डा खोल गेला होता. ती बिजागरी फेकून आम्ही नवी कापली. मग प्रायमरचे दोन थर. मग ते मळकट मुलाम्याचे वायसर. बोल्ट बसवण्याआधी तो सीलंटमध्ये (सुकल्यावर रबरासारखा होणारा चिकट लगदा) बुडवायचा आणि ओला असतानाच आवळायचा, म्हणजे फटीत पाण्याला जागाच राहत नाही. फळीच्या तळाला पाणी निथळायचं भोक असतं. ते माझ्याच रंगानं बुजलं होतं, तेही मोकळं केलं.

पाचव्या दिवशी मी विचारलं, "बाई, बिजागरीजवळ जस्ताची वडी लावली तर?"

उत्तर स्वरांगीनं दिलं. थेट मला. "नाही चालणार, आबा. होडीची वडी आणि दांडा एकाच पाण्यात बुडालेले असतात. इथे पाणी म्हणजे दवाचा एकेक थेंब. वडी एका थेंबात, बोल्ट दुसऱ्यात. मग ती त्याला वाचवणार कशी? म्हणून इथे प्रत्येक बोल्टच्या अंगावरच मुलामा द्यायचा."

"म्हणजे तो मळकट थर म्हणजे बोल्टची आपली स्वतःची वडी."

"हो!" ती म्हणाली. मग तिला आठवलं की आपण बोलत नाही आहोत. पण आता उशीर झाला होता.

निरीक्षक आल्या. शांत, उंच बाई. त्यांनी टिटवीची नोंद सगळी ऐकली. माझं नाव दोनदा आलं, बसवणारा म्हणून आणि काढणारा म्हणून. मी कोपऱ्यात उभा होतो. त्यांनी भिंगातून सहाही जागा बघितल्या. मग विचारलं, "मोंडकर तुम्हीच का? लोक चुका झाकतात, त्या शोधायला मला महिना लागतो. इथे एका सकाळीत काम झालं." आणि त्यांनी सही केली. फक्त एक अट घातली. दर महिन्याला एकदा, प्रत्येक बिजागरी माणसाच्या डोळ्यांनी तपासायची आणि नोंदवहीत हातानं लिहायचं.

"कोण तपासेल?"

स्वरांगीनं माझ्याकडे बोट दाखवलं.

मेच्या एकवीस तारखेला अकरावं उड्डाण झालं. मी सड्यावर उभा होतो. तारली जांभ्या दगडावरून धावली, उचलली गेली आणि खाडीवर डावीकडे कलली. ती डावी फळी, त्या तीन बिजागऱ्या. वीस मिनिटं मी श्वास मोजत होतो. माझ्या शेजारी टिटवीही वर बघत होती. वजन वाढतं म्हणून तिलाही जागा नव्हती.

"तुला राग येत नाही का गो?" मी तिला विचारलं. "एवढं काम केलंस आणि राहिलीस खालीच."

"मला राग येत नाही," टिटवी म्हणाली. "तुम्हाला?"

"येतो थोडा."

"नोंद करू?"

"नको."

तारली उतरली. स्वरांगी धावत आली, केस वाऱ्यानं उभे राहिलेले. तोंडात सगळं एकदम. "आबा, वरून आपलं घर दिसलं! तुमची जस्ताची माळ उन्हात चमकत होती, खरंच! आणि आजी म्हणते, पुढचं विमान पाण्यावर उतरणारं बांधायचं. खाली होडीसारखे दोन तरंडे. ते खाऱ्या पाण्यात बुडालेले असणार, आबा. तिथे वड्या लागतील. किती, कुठे, केवढ्या, ते आजीला माहीत नाही. ती म्हणाली, भाऊंना विचारू."

बाई मागून येत होत्या. "विचारावंच लागेल," त्या म्हणाल्या. "मला वाऱ्याचं कळतं, पाण्याचं कुठे कळतं?"

 माझा हिशेब मनात सुरूही झाला होता. प्रत्येक तरंड्याला मागच्या टोकाला एक आणि मध्ये दोन. नारळी पौर्णिमेच्या आधी बदलायच्या.

स्वरांगीनं खिशातून ते पिवळं फडकं काढलं. आधी टिटवीला पुसलं, चोचीपासून पायांपर्यंत, सावकाश. मी बघत राहिलो. मग तिनं ते झटकलं, त्याची कोरडी बाजू वर केली आणि माझ्यासमोर हात पुढे केला.

काय हवंय ते तिनं सांगितलं नाही. मी चष्मा काढून तिच्या हातात ठेवला.